नरडाण्याचे वेलनेस सर

सर कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याने हात पुढे केला की ते तो हातात घेत, पण हलवत नसत. दोन बोटं मनगटावर ठेवून, डोळे मिटून नाडी बघत. मोठ्या शेठजींची बघत तशीच गेटवरच्या वॉचमनचीही. मग डोळे उघडून विचारत, झोप झाली का? माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली. मी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात नवीन लागले होते. माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला सांगून टाकलं की मी उपाशीपोटी आले आहे. मी चकित झाले. धुळ्याहून सकाळच्या कंपनीच्या बसने येणारं कोणीच काही खाऊन येत नाही, हे मला नंतर कळलं.

आमची कंपनी नरडाण्याच्या एमआयडीसीत होती. सिमेंट आणि खतं भरायच्या प्लास्टिकच्या गोण्या तिथे विणल्या जात. एका लांबलचक शेडमध्ये लूम एकाला एक लागून उभे. त्यांचा आवाज इतका, की आतली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत आणि बाहेर आल्यावरही बराच वेळ ओरडून बोलत. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आमच्या गोण्या घेणारी एक मोठी कंपनी होती. तिने कळवलं, तुमच्या कामगारांसाठी वेलनेसचा कार्यक्रम हवा, नाहीतर पुढची ऑर्डर अवघड आहे. मोठ्या शेठजींचे चिरंजीव, छोटे शेठ, त्यासाठी पुण्याला शिबिर करून आले. येताना फलक, टोप्या आणि एक विचार घेऊन आले. तो विचार म्हणजे आमचे सर.

सर धुळ्याच्या शाळेत पीटीचे मास्तर होते आणि छोटे शेठ त्यांचे विद्यार्थी. सर मूळ जामनेरकडचे. शाळेतून निवृत्त झाले होते, बायको वारली होती, धुळ्यात एका खोलीत एकटेच राहत होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट. ते रोज रात्री धुऊन सकाळी बहुतेक ओलेच घालत असावेत, कारण त्यांच्या मागे बसमध्ये ओल्या कापडाचा वास येई. छोटे शेठ स्वतः गाडी घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, पाया पडले आणि म्हणाले, सर, तुम्ही आम्हाला घडवलंत, आता माझ्या माणसांना घडवा. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं ड्रायव्हर सांगायचा.

त्यांना केबिन दिली. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबल-खुर्च्या बाहेर काढल्या आणि सतरंजी घातली. त्यांच्याकडे जो येईल त्याने खाली मांडी घालून बसायचं. गोण्या घेणाऱ्या कंपनीचे दोन साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनाही बसावं लागलं. त्यातले एक उठताना अडकले. सरांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि गुडघ्याचे तीन व्यायाम शिकवले. साहेबांनी ते केले, पण हसले नाहीत. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर दाराशी घाम पुसत उभे होते.

पाणी कुठेही प्यायचं झालं तरी सर आधी जमिनीवर बसत. व्हरांड्यात, जिन्यात, शेडच्या दारात. कँटीनमध्ये जेवायला बसले की शेजाऱ्याच्या डब्यात डोकावत, न विचारता घास घेत आणि कुणाच्या बायकोच्या हाताला मीठ जास्त आहे ते मोठ्याने सांगत. लोकांना आधी राग येई. मग ते त्यांच्यासाठी ठेचा वेगळा बांधून आणू लागले. सर बोलायचे जामनेरच्या वळणाने. "मी सांगून राहिलो ना," हे प्रत्येक वाक्याच्या शेवटी. पण शिंदखेड्याकडच्या माणसांत राहून त्यांनी त्यांची बोली उचलली होती. सकाळी शेडच्या दारात उभे राहून ते एकेकाला विचारत, "काय रे भो, झोप व्हयनी का?" माणसं हसत. उत्तर जवळजवळ नेहमी नाही असंच असे.

वेलनेसचा मुख्य कार्यक्रम म्हणजे शिफ्ट सुरू होण्याआधीचा व्यायाम. त्यासाठी सगळ्यांना लवकर यावं लागे, म्हणजे गावातून अजून अंधारात निघावं लागे. पहिले काही दिवस सरांनी हात वर, हात खाली, असं रीतसर केलं. मग एका सकाळी त्यांनी लोकांकडे नीट पाहिलं असावं. पुढच्या दिवशी त्यांनी स्टोअरमधून फाटक्या गोण्यांचं कापड मागवलं, ते मैदानात अंथरलं आणि सगळ्यांना उताणं झोपायला सांगितलं. डोळे मिटा, अंग सैल सोडा. थोड्याच वेळात कुणीतरी घोरायला लागलं. मग दुसरं कुणीतरी. सर त्या झोपलेल्या माणसांमधून आवाज न करता फिरत राहिले. कुणाच्या तोंडावर ऊन आलं तर स्वतःची सावली पडेल असे उभे राहिले.

प्रॉडक्शन मॅनेजर तणतणत छोट्या शेठकडे गेले. शेठनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, यातली निम्मी माणसं डबल शिफ्ट करतात, त्यांना व्यायाम नको आहे, झोप पाहिजे आहे, ती मी देऊन राहिलो. छोट्या शेठना हे पटलंही होतं बहुतेक. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांची अडचण वेगळी होती. कार्यक्रमाचे फोटो पाठवायचे होते आणि झोपलेल्या माणसांचे फोटो कसे पाठवणार? शेवटी असं ठरलं की आठवड्यातून एकदा फोटोग्राफर येईल, तेव्हा सगळ्यांनी पिवळ्या टोप्या घालून हात वर करायचे. फोटो झाला की लोक पुन्हा आडवे होत. बरेच दिवस असं चाललं. त्या दिवसांत कंपनीत एक वेगळंच वातावरण होतं. लोक एकमेकांवर कमी खेकसत. कुणाला ताप असला की तो सरळ सरांकडे येऊन सांगे आणि सर त्याला सतरंजीवर निजवून ठेवत. आजारी असल्याचं सांगता येतं, ही गोष्ट त्या माणसांसाठी नवीन होती.

मग तपासणीचं शिबिर ठरलं. धुळ्याहून डॉक्टर आणि यंत्रांची गाडी येणार होती. रक्त, छाती, डोळे, कान, सगळं फुकट. कामगारांत कुजबुज सुरू झाली. फुकट म्हणजे काहीतरी आहे. बरेच जण त्या दिवशी सुट्टी टाकायच्या विचारात होते. सर त्यांच्या घरी जाऊ लागले. बायकांशीही बोलायचं असे म्हणून मला बरोबर नेत.

लूमवरचे सगळ्यात जुने कारागीर होते आबा. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, पॅकिंगमध्ये होती. दोघं शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात राहत. आबांना ऐकू कमी येत होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नसल्यामुळे त्याने काही बिघडत नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी सरळ सांगितलं की ते शिबिराला येणार नाहीत. आबा नाही आले तर लूमवरचं कोणीच येणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी आबांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरला आणि खूप वेळ समजावलं. कानाला यंत्र लावता येतं, कंपनी ते देईल, लवकर कळलं तर उरलेलं वाचवता येतं.

"मन्ही नोकरी जावाव नही ना?" आबांनी विचारलं.

"नाही जाणार," सर म्हणाले. "माझ्या शब्दावर या."

अक्का दारात उभी होती. तिने आम्हाला चहा दिला आणि आम्ही निघालो तेव्हा वेशीपर्यंत सोडायला आली.

आबा आले. त्यांच्यामागे लूमवरचे सगळे आले. शिबिराचे फोटो फार छान निघाले.

त्यानंतर काय झालं ते कुणी लपवूनही केलं नाही. डॉक्टरांचा निकाल कंपनीकडे आला. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांचा दाब जास्त आहे, त्यांना मशिनवर ठेवणं धोक्याचं आहे, असं गोण्या घेणाऱ्या कंपनीने कळवलं. ते काही खोटं नव्हतं. आधी त्यांना मशिनवरून काढलं. मग काही आठवड्यांनी, ज्याच्या नावावर ही माणसं कामाला होती त्या ठेकेदाराने त्यांना सांगितलं की सध्या तुमच्याजोगं काम नाही, असेल तेव्हा बोलावू. आबा त्यांतले पहिले. कानाच्या यंत्राचं कुणी नाव काढलं नाही.

सर त्या दिवशी छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी हजेरीच्या कामासाठी तिथेच होते. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही. सर उभेच राहिले. ते म्हणाले की त्यांनी लोकांना शब्द दिला आहे. शेठनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की उद्या आबांचा हात लूममध्ये गेला तर जबाबदार कोण? हे सगळं त्यांच्याच भल्याचं आहे.

"सर, मैदानावर तुम्हीच आम्हाला शिकवलंत. जो थकला त्याला बाहेर काढायचं."

"बाहेर काढून सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं," सर म्हणाले. "घरी पाठवायचं नाही, बेटा."

शेठनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी पाहिलं. पण त्यांनी निर्णय बदलला नाही. त्यांच्या हातात फारसं नव्हतंही. मोठे शेठजी, ठेकेदार, गिऱ्हाईक, सगळ्यांना जे हवं होतं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात कापड अंथरलं गेलं. माणसं आली आणि आडवी झाली, पण कोणी झोपलं नाही. डोळे मिटून सगळे जागे पडून होते. सरांनी शेडच्या दारात नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा प्रत्येकाने सांगितलं, हो सर, मस्त झोप झाली. त्या दिवसापासून कंपनीत कोणी आजारी पडलं नाही. ताप असला तर गोळी खाऊन येत. दाब असलेले पुढच्या तपासणीच्या आधी दोन-दोन गोळ्या घेत. कँटीनमध्ये सर बसले की शेजारची माणसं डबे लवकर आटपत. गिऱ्हाईकाला पाठवायच्या अहवालात आमची तब्येत सुधारल्याचं लिहिलं गेलं आणि कागदावर ते खरंच होतं.

सर नोकरीत राहिले. मी एकदा त्यांना विचारलं, सोडत का नाही? ते म्हणाले, उरलेल्यांना कोण बघणार? पण उरलेले आता त्यांना काही बघू देत नव्हते.

अक्का पॅकिंगमध्ये उभ्याने काम करायची. गोण्या मोजायच्या, गठ्ठे बांधायचे, ढकलायचे. आबा घरी बसल्यावर घर तिच्यावरच होतं. पावसाळा संपता संपता सरांच्या लक्षात आलं की सकाळी मैदानात ती चपला काढत नाही आणि एका पायात मोजा घालून येते. त्यांनी विचारलं. काटा लागला आहे, बरा होतोय, असं ती म्हणाली. त्यांनी पाय दाखव म्हटलं, तर ती लाजल्यासारखी करून निघून गेली. सरांनी मला तिच्याकडे पाठवलं. मलाही तिने तेच सांगितलं आणि हसून माझ्याच घरचं विचारलं. तिला साखर होती. तिला ते माहीत होतं. शिबिराच्या दिवशी तिने आजारी जाऊबाईचं निमित्त करून सुट्टी घेतली होती.

एका दुपारी ती गठ्ठ्यांवर पडली. मोजा काढला तेव्हा पॅकिंगमधल्या बायका मागे सरकल्या. कंपनीच्या गाडीतून तिला धुळ्याला नेलं. सर तिच्याबरोबर गेले, मीही गेले. डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला आहे, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आबा गावाहून आले तोवर सह्या झाल्या होत्या.

दोन-तीन दिवसांनी आम्ही वॉर्डात तिला भेटायला गेलो. सर खाटेजवळ उभे राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, मला का दाखवला नाहीस?

अक्का छताकडे बघत होती. "दखाडाले भ्याव वाटे, सर," ती म्हणाली. "ह्यासनं काय व्हयनं ते दखं ना मी."

त्यात राग नव्हता. दाखवायची भीती वाटत होती, आबांचं काय झालं ते पाहिलं होतं, एवढंच ती सांगत होती. सर बाहेर आले आणि हॉस्पिटलच्या पायरीवर बसले. मी त्यांना पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. छोट्या शेठनी खूप समजावलं म्हणे. सरांनी ऐकलं नाही. स्वतःची सतरंजी गुंडाळून ते बसने धुळ्याला गेले. ऑफिसात काहींना बरं वाटलं. काही म्हणाले, माणूस असावा तर असा. मलाही तसंच वाटलं.

अक्का घरी आल्यावर सरांचा मला फोन आला. आबांची माफी मागायची आहे, बरोबर येतेस का? रविवार होता. आम्ही गेलो. अक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, पायावर गोधडी. आबा तिच्या शेजारी. सर समोर बसले आणि बोलू लागले. त्यांनी शब्द द्यायला नको होता, ज्याच्यावर आपला अधिकार नाही ते कबूल करायला नको होतं, असं ते हळू आवाजात सांगत होते. आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने ते बायकोकडे वळले आणि मोठ्याने विचारलं, "काय म्हनतस त्या?"

अक्काने त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "सर म्हनतस, त्यासनी चूक व्हयनी."

तिला ते ओरडताना दम लागला. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. आबांनी मान हलवली, जसं काही हवामानाविषयी सांगितलं होतं. मग सरांनी सांगितलं की त्यांनी राजीनामा दिला आहे. त्यांना वाटलं असावं की हे ऐकून त्या दोघांना थोडं बरं वाटेल. मलाही वाटलं होतं.

अक्काचा चेहरा पडला. "राजीनामा दिधा?" ती म्हणाली. "मंग आते मझार आमनं कोन शे?"

आत आता आमचं कोण आहे, असं ती विचारत होती. मग तिने सगळं सांगितलं. ती सर येण्याचीच वाट बघत होती. बसून करायचं काम कंपनीत असतं, गोण्यांचे सुटे धागे कापायचं. बायका स्टुलावर बसून ते करतात. सरांनी शेठना सांगितलं असतं तर तिला ते मिळालं असतं. तिचे हात तर शाबूत होते. आबा आमच्या तोंडांकडे पाहत होते. त्यांना यातलं काय समजलं कोण जाणे.

सर उठले आणि आम्ही परत निघालो. धुळ्याला उतरताना ते म्हणाले, "उद्या मी बसला येऊन राहिलो."

सोमवारी ते आले. छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी नोकरी परत मागितली. शेठनी उठून त्यांना खुर्ची दिली. वेलनेसला बक्षीस मिळणार होतं, गोण्या घेणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब समारंभाला येणार होते आणि त्या वेळी सर हवेच होते. सरांनी अक्काचं काम मागितलं. शेठ लगेच हो म्हणाले. त्यांनी घासाघीस केली असती, तर सरांच्या मनाला थोडं कमी लागलं असतं, असं मला वाटतं.

समारंभ मैदानात मांडव घालून झाला. पिवळ्या टोप्या होत्या. सरांना शाल दिली, नारळ दिला. साहेबांनी त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. सर माइकपुढे उभे राहिले आणि म्हणाले की या कंपनीत कामगारांच्या तब्येतीची जशी काळजी घेतात तशी त्यांनी कुठे पाहिली नाही. आवाज स्वच्छ होता, कुठेही अडखळले नाहीत. टाळ्या झाल्या. पॅकिंगमधल्या बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या सरांकडे एकटक बघत होत्या. त्यांना माहीत होतं की ते हे का बोलतायत.

पुढच्या आठवड्यात अक्का कामावर आली. कुबड्यांवर, बाजूला आबा. बसमधून तिला पॅकिंगमधल्या दोघींनी धरून उतरवलं. आबांना गेटच्या आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते गेटबाहेर भिंतीच्या सावलीत बसून राहिले. संध्याकाळी तिला घेऊन जायचं तर परत गावाला जाऊन यायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशीही ते तसेच बसले. मग रोजच.

सरांनी सकाळचा व्यायाम पुन्हा हात वर, हात खाली असा रीतसर सुरू केला होता. आता ते कुणाला काही विचारत नसत. दुपारनंतर त्यांना केबिनमध्ये शोधलं तर ते सापडत नसत. गेटबाहेर आबांच्या शेजारी, त्याच भिंतीला पाठ लावून बसलेले असत. दोघंही समोरच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक बघत. आबांना ऐकू येत नव्हतं आणि सरांना बोलायचं काही उरलं नव्हतं. मी लग्न होऊन जळगावला आले, ती नोकरी सोडली, तोपर्यंत हे असंच चाललं होतं. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की सर उठत. ते उठलेले पाहून आबा उठत.